१४ एप्रिल : अस्मानी किती, सुलतानी किती?



१४ एप्रिल म्हटला की आपल्याकडे गावोगाव बाबासाहेबांच्या जयंतीची धामधूम असते. अमेरिकेच्या शेतीच्या इतिहासात हाच दिवस वेगळ्या कारणाने कोरला गेला आहे. कपाशी-ज्वारीवर पोट असलेल्या कोरडवाहू माणसाने ते कारण नीट समजून घ्यावे असे आहे, म्हणून या अंकात थोडी लांबची गोष्ट सांगतो आहे.

अमेरिकेतल्या हवामान खात्याच्या कचेऱ्या एक यादी ठेवतात. वर्षाच्या प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी पूर्वी कुठे वादळ झाले, कुठे गारा पडल्या, किती माणसे आणि जनावरे दगावली, याची नोंद. आपल्याकडे गेल्या वर्षीच्या गारपिटीचा पंचनामा सापडणे मुश्कील, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब तारीखवार मिळतो. हे कौतुकाचेच आहे. १४ एप्रिलच्या रकान्यात तीन नोंदी ठळक आहेत. १८८६ ची, १९३५ ची आणि २०१२ ची. तिन्ही वाऱ्याच्या. पण माझे म्हणणे असे की, यातली मधली नोंद या यादीत नुसती हवामान म्हणून बसवणे ही लबाडी आहे. कशी, ते सांगतो. आधी दोन्ही बाजूंच्या नोंदी उरकून घेऊ.

१८८६ साली मिनेसोटा राज्यात दुपारी चारच्या सुमाराला टोर्नाडो आला. टोर्नाडो म्हणजे आपल्या वैशाखातली वावटळच, पण अशी की घरे, झाडे, आगगाडीचे डबे उचलून फेकते. सेंट क्लाऊड गावाची कड उद्ध्वस्त करून तो मिसिसिपी नदी ओलांडून सॉक रॅपिड्समध्ये घुसला आणि गावाचा गाभाच उडवून दिला. पुढे राईस गावाजवळ एका घरी लग्न होते, तिथल्या वऱ्हाडातली ११ माणसे गेली. एकूण ७२ मेले, दोनशेवर जखमी झाले. त्या राज्यात याहून जीवघेणा टोर्नाडो आजवर झालेला नाही. आगाऊ सूचना कोणालाच नव्हती. त्या काळी हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल विभागाकडे होते. त्यांच्यातल्याच जॉन फिनले नावाच्या माणसाने १८८४ पासून टोर्नाडोचा अंदाज बांधता येतो का, याचे प्रयोग चालवले होते. वरच्यांनी त्याच दशकात हुकूम काढला की, अंदाजात 'टोर्नाडो' हा शब्दच वापरायचा नाही. लोक घाबरतील! ही बंदी पुढे सुमारे पन्नास वर्षे टिकली. शेतकऱ्याला खरे सांगितले तर तो बिथरेल, ही सरकारी समजूत आपल्याच देशाची आहे असे समजू नका.

२०१२ ची नोंद याच्या उलट आहे. कान्सस, ओक्लाहोमा आणि आजूबाजूच्या राज्यांत एका दिवसात शंभराच्या आसपास टोर्नाडो झाले आणि खात्याने आदल्या दिवशीच सर्वांत वरच्या दर्जाचा धोक्याचा इशारा दिला होता. शंभर टोर्नाडो, आणि माणसे गेली सहा. तीही ओक्लाहोमातल्या वुडवर्ड गावात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. तिथले भोंगे वाजलेच नाहीत, वीज पडून त्यांची यंत्रणा बंद पडली होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. याच वुडवर्डमध्ये एप्रिल १९४७ मध्ये टोर्नाडोने शंभरावर माणसे मारली होती. या दोन्ही नोंदी निखळ अस्मानी आहेत. वारा आभाळातून आला, त्याला कोणी बोलावले नव्हते. वेळेवर सूचना मिळाली की माणूस वाचतो, एवढेच त्यातून घ्यायचे.

आता मधली नोंद. १४ एप्रिल १९३५, रविवार. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधीचा सणाचा रविवार. कान्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा आग्नेय कोपरा, न्यू मेक्सिकोची कड, ओक्लाहोमाचा पश्चिमेकडे आणि टेक्सासचा उत्तरेकडे निघालेला चिंचोळा पट्टा, असा तो सारा मुलूख. महिना-दीड महिना रोज धूळ उडत होती. त्या दिवशी मात्र सकाळी आभाळ निळे, वारा पडलेला, उन्हाची ऊब. बायकांनी खिडक्यांवरच्या ओल्या चादरी काढल्या, घरे झाडली, धुणी वाळत घातली. कोणी चर्चला गेले, कोणी डबे बांधून बाहेर पडले, कोणी सशांच्या शिकारीला. पिके गेल्यावर त्या माळावर मोठ्या सशांचा सुळसुळाट झाला होता आणि उरलासुरला पाला ते फस्त करत होते.

दुपारी उत्तरेकडून थंड हवेचा लोट आला. पक्ष्यांचे थवे आधी दक्षिणेकडे पळताना दिसले, पारा झरकन उतरला आणि मग क्षितिजावर काळी भिंत उभी राहिली. हजारो फूट उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने चालून येणारी. आवाज फारसा नाही. भिंत अंगावर आली तसा उजेड गेला. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तर दिसेना. चालत्या मोटारी कोरड्या धुळीतल्या विजेने बंद पडल्या. वाटेत सापडलेली माणसे तारेच्या कुंपणाला चाचपडत घरी पोचली. पुष्कळांनी जगाचा शेवट आला म्हणून प्रार्थना सुरू केली. दुपारी कान्ससमध्ये शिरलेली ही भिंत संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी टेक्सासच्या अमारिलो शहरावर पोचली. अमेरिकेने या दिवसाला 'काळा रविवार' नाव दिले.

ही भिंत पाण्याच्या ढगांची नव्हती. ती वावराची माती होती. कोणाच्या तरी नांगरटीचा वरचा थर, ज्यात बी रुजते तोच.

त्या दिवशी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा बातमीदार रॉबर्ट गायगर या वादळात सापडला होता. दुसऱ्या दिवशी छापलेल्या बातमीत त्याने या मुलखाला 'धुळीचा वाडगा' म्हटले. इंग्रजीत 'डस्ट बाऊल'. तेच नाव पुढे कायमचे चिकटले. त्याच बातमीत त्याने लिहिले की, या भागातले सारे जगणे शेतकऱ्याच्या तोंडातल्या तीन छोट्या शब्दांवर चालते : पाऊस आला तर. वाचून वाटते, हा माणूस माणदेशात किंवा यवतमाळच्या एखाद्या पारावर बसून आला असावा. पण गायगरचे तीन शब्द अर्धीच गोष्ट सांगतात. पाऊस आला तर, आणि भाव मिळाला तर. दुसरी अट पहिलीइतकीच जुनी आहे आणि काळा रविवार या दुसऱ्या अटीतून जन्माला आला.

त्या मुलखात वर्षाला पंधरा ते वीस इंच पाऊस पडतो, तोही एक साल बरा, दोन साले उणा. हजारो वर्षे तिथे आखूड गवत होते, मुळ्यांचे जाळे मातीला घट्ट धरून बसलेले. त्यावर गवे चरत, गव्यांवर कोमांची, कायोवा, शायेन हे मूळचे लोक जगत. गवे मारून संपवले, लोकांना १८७४-७५ च्या लढाईनंतर हाकलून राखीव जागांत कोंबले आणि मग सरकारने शेतकरी बोलावले. १८६२ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर, १९०९ च्या दुरुस्तीने ३२० एकर. ऐकायला चैन वाटते. पण इतक्या कमी पावसाच्या माळावर तेवढ्यात कुटुंब जगत नाही, हे जॉन वेस्ली पॉवेल या सरकारच्याच भूगर्भतज्ज्ञाने १८७८ साली लिहून दिले होते. इथे नांगरट नको, चराई ठेवा आणि एका कुटुंबाला २५६० एकर द्या, असा त्याचा हिशेब होता. तो अहवाल बाजूला पडला. त्याऐवजी चालला तो १८८१ साली चार्ल्स डॅना विल्बर नावाच्या जमिनीच्या प्रचारकाने मांडलेला सिद्धान्त : नांगरामागे पाऊस येतो! जमीन फोडा, म्हणजे ढग आपोआप येतील. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या, पुढाऱ्यांना राज्ये वसवायची होती, सर्वांनाच हे शास्त्र पटले. शेतकऱ्याचा अंधविश्वास काढणारे पुष्कळ भेटतात, या सुशिक्षित अंधविश्वासाची आठवण कोणी काढत नाही.

तरीही १९१४ पर्यंत बहुतेक माळ गवताखालीच होता. फोडला तो पहिल्या महायुद्धाने. युरोपात गहू मिळेना. १९१७ साली अमेरिकन सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोंना, दोन डॉलरच्या वर भाव बांधून दिला आणि अन्न पिकवणे हीच देशभक्ती, असा प्रचार केला. शेतकऱ्याने गवत उलथले. भाव चांगला होता, त्याने पिकवले. यात त्याचे काय चुकले? युद्ध संपले, १९२० मध्ये सरकारने हमी काढून घेतली आणि वर्षा-दीड वर्षात भाव निम्म्याखाली आला. जमिनीचे आणि अवजारांचे कर्ज मात्र दोन डॉलरच्या भावावर काढलेले होते. ते निम्मे झाले नाही.

इथे एक हिशेब मांडू. समजा एका घराला वर्षाला ४०० डॉलर हप्ता भरायचा आहे आणि एकरी दहा बुशेल पिकते. गहू एक डॉलरने गेला तर हप्त्यापुरते ४० एकर लागतात. गहू २५ सेंटने गेला तर त्याच हप्त्याला १६० एकर लागतात. खाणे, कपडे, औषध, शाळा त्याच्या वर. मग तो शेतकरी काय करणार? उरलेले गवत फोडणार. शेजारीही तेच करणार. सर्वांनी फोडले की माल आणखी वाढणार, भाव आणखी पडणार, पुढच्या वर्षी आणखी फोडावे लागणार. भाव पडला की शेतकरी पेरा कमी करतो, असे शहरातल्या अर्थपंडितांच्या पुस्तकात लिहिलेले असते. कारखानदार करतो. कर्जात असलेला शेतकरी वाढवतो. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत, भाव पडत असताना, त्या दक्षिणी माळावर पन्नास लाख एकरांहून जास्त नवी जमीन नांगराखाली आली. बैलांच्या किंवा घोड्यांच्या नांगराने हे झाले नसते. ट्रॅक्टर आले होते आणि त्यांच्यामागे तव्यांचा नवा नांगर, जो भराभर चाले पण ढेकळे ठेवत नसे, मातीचे पीठ करी. शिवाय शहरातले दुकानदार आणि डॉक्टर पेरणीला एकदा आणि काढणीला एकदा बॅग घेऊन येत, बाकी वर्षभर वावराकडे कोणी बघत नसे. लोक त्यांना 'सूटकेस शेतकरी' म्हणत. यांची कड मी घेणार नाही. आपल्याकडेही असे बॅगवाले सात-बाऱ्यावर पुष्कळ आहेत.

शेतकरी गप्प बसले होते का? नाही. सबंध १९२०-३० चे दशक ते रास्त भाव मागत होते. कारखान्याच्या मालाला आयातकराचे कवच, मग आमच्या मालाला का नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. त्यासाठीचा मॅकनॅरी-हॉगन कायदा संसदेने १९२७ साली मंजूर केला, १९२८ साली पुन्हा मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. १९३० साली उलट आयातकर इतके चढवले की बाकीच्या देशांनी चिडून अमेरिकन मालाला दारे लावून घेतली, त्यात शेतमालाची निर्यात बसली. त्याच वर्षी सरकारी शेती मंडळाचे अध्यक्ष अलेक्झांडर लेग कान्ससमध्ये येऊन शेतकऱ्यांना सांगू लागले, पेरा कमी करा. हप्ता कमी करा असे कोणी म्हणाले नाही.

१९३१ साली पाऊस चांगला झाला आणि कान्ससमध्ये कधी नव्हे इतका गहू आला. भाव काही ठिकाणी २५ सेंटवर उतरला. काढणीचा खर्च निघेना, म्हणून काहींनी उभे पीक सोडून दिले, पुष्कळांनी जमीनच सोडून दिली. फोडलेली, गवत मारलेली, पिठासारखी भुसभुशीत जमीन, उघडी. त्यानंतर पाऊस गेला.

आता सांगा, दुष्काळ त्या मुलखाला नवा होता काय? १८९० च्या दशकातही मोठा दुष्काळ पडला होता. पुष्कळ वसाहतकरी गाडे जुंपून परत गेले होते, धूळही उडाली होती. पण सबंध माळ उठून न्यूयॉर्कला गेला नव्हता. १९३४ च्या मे महिन्यात मात्र माळावरून उठलेल्या एका वादळाची धूळ दोन दिवसांत शिकागो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टनवर पडली, समुद्रात शेकडो मैल दूर असलेल्या जहाजांवर पडली. पाऊस तसाच चुकला, वाराही तसाच आला. मधल्या चाळीस वर्षांत बदलली ती जमीन, आणि ती का बदलली ते वर सांगितले. म्हणून मी म्हणतो की यादीतल्या १९३५ च्या नोंदीपुढे वाऱ्याचा वेग आणि वेळ लिहून भागत नाही. गव्हाचा भावही लिहायला हवा.

तसे झाले नाही. दोष शोधायची वेळ आली तेव्हा १९३६ साली सरकारने एक चित्रपट काढला, त्याचे नावच 'माळ मोडणारा नांगर' अशा अर्थाचे. चित्रपट गाजला. त्यात युद्धाच्या वेळची गव्हाची घाई दाखवली आहे, हे खरे. तरी नाव नांगराचे. त्या माळावरच्या शेतकऱ्यांना राग आला आणि तो योग्य होता. नांगर आपणहून चालत नाही.

काळ्या रविवारानंतरची वर्षे कशी गेली, तेही ऐका. धुळीने फुप्फुसे भरून माणसे, विशेषतः लहान मुले आणि म्हातारी, मरू लागली. त्याला 'धुळीचा न्यूमोनिया' म्हणत. रेडक्रॉसने शाळांतून दवाखाने उघडले. ताटे पालथी मांडायची आणि वाढायच्या क्षणी उलटी करायची, अशी रीत पडली. टेक्सासच्या डॅलहार्ट गावात लोकांनी वर्गणी करून टेक्स थॉर्नटन नावाच्या माणसाकडून आभाळात सुरुंगाचे बार उडवून घेतले, पावसासाठी. कुंपणावर मेलेले साप पोट वर करून टांगले. आपण धोंडी काढतो, ते साप टांगत. आपल्या सरकारने २००३ आणि २०१५ साली विमानाने ढगांवर फवारे मारले, ते थॉर्नटनच्याच जातीचे की वेगळे, हे ज्याने त्याने ठरवावे. सांगायची गोष्ट अशी की, बहुसंख्य लोक एवढे होऊनही तिथेच राहिले. कॅलिफोर्नियाला गेलेल्या लाखो 'ओकीं'ची गोष्ट सर्वांना माहीत असते, पण त्यांतले पुष्कळ या धुळीच्या माळावरचे नव्हतेच. ते पूर्वेकडच्या कापसाच्या पट्ट्यातले कुळवाडी होते.

हे कापसाचे प्रकरण आपल्या वाचकांसाठी वेगळे सांगायला हवे. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने भाव चढवण्यासाठी पेरा कमी करण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. कायद्यात १९०९ ते १९१४ या काळातले शेतमाल आणि कारखानामाल यांच्या भावाचे प्रमाण हे माप धरले होते. हे माप चांगले होते, शेतकऱ्याच्या मागणीला कायद्यात जागा मिळाली. पण कायदा आला तोवर कापूस उभा होता. मग एक कोटी एकरांहून जास्त उभी पऱ्हाटी नांगरून टाकली. तासातून चालायची सवय असलेली खेचरे ओळीवर पाय द्यायला तयार होईनात, अशी आठवण लोक सांगत. मुक्या जनावरालाही कळत होते. त्याच्या पुढची गोष्ट अधिक वाईट आहे. पैसे जमीनमालकाच्या हाती गेले. कमी पेऱ्याला कमी कुळे लागतात, म्हणून मालकांनी कुळे काढली आणि सरकारी पैशातून ट्रॅक्टर घेतले. आर्कान्सास राज्यात टायरोन्झा गावाजवळ जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ काळे कूळ शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी दक्षिणी कूळ शेतकरी युनियन काढली. त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्याने एका बाकावर बसणे हाच मोठा गुन्हा होता. मदत कोणाच्या नावाने निघते आणि कोणाच्या घरी पोचते, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा जोरात विचारला. ठोक्याने किंवा बटाईने वावर करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

सरकारने सगळेच वाईट केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळी भागातली ८० लाखांहून जास्त जनावरे १९३४-३५ मध्ये सरकारने विकत घेतली. भाव अगदी कमी, जास्तीत जास्त २० डॉलर, आणि खंगलेली जनावरे तिथेच गोळी घालून पुरली. तरी त्या पैशावर घरे तगली. आणि ह्यू बेनेट हा माणूस खरा होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या कापूसकऱ्याचा मुलगा, आयुष्यभर मातीची धूप मोजत फिरलेला. संसदेच्या समितीपुढे त्याची साक्ष चालू असताना बाहेर वॉशिंग्टनवर धूळ येऊन पोचली आणि त्याने सभासदांना खिडकीकडे बघायला सांगितले, अशी गोष्ट सांगतात. माळावर माणसे दोन-तीन वर्षे धूळ खात होती. कायदा झाला तो धूळ राजधानीच्या खिडकीवर आल्यावर, काळ्या रविवारानंतर तेराव्या दिवशी, २७ एप्रिल १९३५ ला.

बेनेटच्या माणसांनी काय सांगितले? उताराला आडवी मशागत करा, वाऱ्याला आडव्या खोल सऱ्या पाडा, गव्हाच्या पट्ट्यांमध्ये ज्वारीचे पट्टे पेरा आणि काढणीनंतर धसकटे उपटू नका. हो, ज्वारी! आफ्रिकेतून आलेली काफीर आणि मायलो या जातीची ज्वारी त्या माळाला गव्हापेक्षा जास्त मानवली. कमी पाण्यावर उभी राहणारी, उंच आणि चिवट धसकटे मागे ठेवणारी. उडत्या मातीला अडवायला तीच कामी आली. ज्या पिकाला आपल्याकडे गरिबाचे म्हणून नाक मुरडतात, त्याने तिथे माती धरली. आजही अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कान्ससमध्येच होते. त्याच काळात उत्तरेपासून टेक्सासपर्यंत वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा लावल्या, १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे. आणि १९३७ पासून मृदसंधारणाचे स्थानिक जिल्हे स्थापन झाले, ज्यांचा कारभार शेतकऱ्यांच्याच मंडळाकडे होता. कृषी सहायकाने खडूने आखून दिलेला बांध आणि चार शेजाऱ्यांनी ठरवून घातलेला बांध यांत काय फरक असतो, ते आपण जाणतोच. हे काम पटले, कारण या वेळी सल्ल्याबरोबर पैसेही आले. १९३६ चा नवा कायदा माती धरणारी पिके घेतल्याबद्दल शेतकऱ्याला पैसे देत होता. पोट रिकामे ठेवून कोणी माती राखत नाही.

आपल्याकडे हे कुठे लागू पडते? पैसेवारी आठवा. पीक पन्नास पैशांखाली गेले तर टंचाई जाहीर होते, पीक पूर्ण आले आणि भाव मातीमोल झाला तर वावराला आपत्ती आलीच नाही, असे दप्तर सांगते. पीकविम्याच्या अर्जात गारपीट आहे, पूर आहे, पावसाचा खंड आहे, भावासाठी रकाना नाही. कान्ससच्या शेतकऱ्याची १९३१ ची पैसेवारी काढली असती तर ती अव्वल निघाली असती. तेच साल त्याला बुडवून गेले. जिल्हा बैठकीत जेव्हा आपत्तीचे निकष चर्चेला येतील, तेव्हा हे १९३१ साल जरूर मांडावे. काळ्या रविवाराची मिती तीच आहे.

त्या माळाची पुढची हकीकत थोडक्यात. १९३९ च्या सुमाराला पाऊस परतला. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले, गव्हाला पुन्हा भाव आला आणि पुन्हा गवत फोडले गेले. १९५० नंतर पुन्हा पाच-सहा वर्षे दुष्काळ, पुन्हा धूळ, पण त्या वेळी आधाराचे भाव होते आणि तशी वाताहत झाली नाही. मग खोल पंप आले. माळाखाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा होता, त्यावर मका आणि जनावरांचे मोठाले गोठे उभे राहिले. भाव कमी म्हणून जास्त पिकवा, जास्त पिकवायचे म्हणून जास्त उपसा, असा जुनाच हिशेब आता जमिनीखाली चालू झाला. सरकारने सर्वांत उडालेल्या जमिनींपैकी काही विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या. कान्ससच्या मॉर्टन काउंटीत असे एक लाख एकरांहून मोठे सिमारॉन कुरण आज आहे. आणि त्याच राज्याच्या पश्चिम भागात, जिथे बोअर आटले, तिथले काही शेतकरी पंप काढून ठेवून पुन्हा कोरडवाहू गहू आणि ज्वारीकडे वळले आहेत.